पांढरी दलदल

त्या बेटावर कुणाला काहीही विचारावं. नवरा किती पितो, मुलीचं लग्न का मोडलं, असलं विचारलं तरी समोरचा कॉफीचा घोट घेऊन सरळ उत्तर देईल. पण ‘तुम्ही मुल्टे कुठून आणता?’ एवढं विचारलंत की संपलं. माणूस खिडकीतून समुद्राकडे बघायला लागतो आणि पुढच्या खेपेला तुम्हाला कॉफीलाही बोलावत नाही.

मुल्टे दलदलीत येतात. वीतभर देठ, त्यावर एकच पांढरं फूल, आणि त्या फुलाचं एकच फळ. कारभारही उलटा. कच्चं असताना लालभडक, पिकलं की मधाच्या रंगाचं. नाताळच्या जेवणानंतर फेटलेल्या सायीत ही फळं कालवलेली नसली, तर त्या घरात नाताळ झाला असं कुणी म्हणत नाही. म्हणून प्रत्येक घराची आपली एक दलदल असते, आणि ती कुठे आहे हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतं. पाय थकले की ते माणूस पुढच्याला नेऊन दाखवतं. काही जण न दाखवताच गेले. त्यांची पोरं अजून बादल्या घेऊन भटकताना दिसतात.

हाल्डिसच्या बापाने, आन्टोनने, वेळेत दाखवलं. गुडघे पुरते जायच्या आधीच्या जूनमध्ये त्याने दोन्ही मुलींना नेलं, पण एकत्र नाही. थोरलीला, रागनाला, होडीत घालून उत्तरेच्या खाडीकडून. धाकट्या हाल्डिसला दक्षिणेच्या जुन्या वाटेने, जिथून पूर्वी लोक जळणासाठी दलदलीची माती कापून आणायचे. वाटेत त्याने तिला इतक्या टेकाडांना वळसे घालायला लावले की तिला चक्कर यायची बाकी राहिली. बापाला लेकीचाही भरवसा नव्हता, किंवा ती वाटच तशी चालायची सवय त्याला लागली होती.

मग एकदम पुढे पांढरं दिसलं. मावळायचं विसरलेल्या सूर्याच्या त्या दिवसांत उजेड सगळीकडून येतो आणि कशालाच धड सावली नसते. त्या उजेडात फुलांची पांढरी चादर पार खडकांच्या रांगेपर्यंत गेली होती. आन्टोनने टोपी काढली. बोटांनी शेवाळ उकरून त्याने खालचं एक मूळ वर ओढलं. ते दोरीसारखं पुढे पुढे उसवतच गेलं.

“बघ,” तो म्हणाला, “वर हजार फुलं दिसतात, पण खाली सगळं एकच आहे. ही सबंध दलदल म्हणजे एकच झाड. आडवं निजलेलं. ही तुझी. जपायची हिला.”

“आणि त्या खडकांपलीकडे?”

“तिकडे पाऊल टाकायचं नाही. तळ नाही तिथल्या चिखलाला. गाय गेली तर शिंगंसुद्धा सापडायची नाहीत.”

ऑगस्टात हाल्डिस दोन बादल्या घेऊन गेली आणि दोन्ही रिकाम्या घेऊन परत आली. एकही फळ नव्हतं. नुसते देठ आणि पानं. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. जूनमध्ये दृष्ट लागावी असा बहर, ऑगस्टात शून्य. तोवर आन्टोन चर्चमागच्या मातीत गेला होता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी, कारण हाल्डिसच्या मनात ती कायम होती. हाल्डिसला आणि तिच्या नवऱ्याला, टोरलाइफला, मूल झालं नाही. ज्या वर्षी डॉक्टरांनी मुख्य भूमीवरच्या इस्पितळात ते स्पष्ट सांगितलं, त्याच वर्षी बापाने ही दलदल तिच्या पदरात टाकली. रागनाला तीन मुलगे. रागनाला फळणारी दलदल. आणि वांझ मुलीला वांझ जमीन. बापाने नुसता हिशेब जुळवला, असं तिने मनाशी धरलं आणि ते काही केल्या सुटेना. टोरलाइफ होता तोवर तो म्हणायचा, “अगं, म्हातारा असा नव्हता.” मग टोरलाइफही गेला आणि असं म्हणायला कुणी उरलं नाही.

दर नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या पायरीवर एक बरणी असायची. मुल्टेंनी भरलेली. चिठ्ठी नाही, नाव नाही, पण लाल चौकड्यांचं फडकं बांधायची पद्धत रागनाची. आणि दर नाताळच्या आदल्या दिवशी, रात्रीच्या जेवणाआधी, हाल्डिस ती बरणी तशीच नेऊन रागनाच्या पायरीवर ठेवायची. दयेचं गोड तिच्या घशाखाली उतरलं नसतं. दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बरणी मात्र इमानाने यायची आणि इमानाने जायची.

तीन उन्हाळ्यांपूर्वी, जूनच्या सुरुवातीला, एडविनच्या दुकानात ती मीठ आणायला गेली होती. हा एडविन दुकान चालवतो म्हणायचं, खरं तर कॉफीच्या किटलीभोवती माणसं जमवून बसतो. तिच्या हातातली बादली बघून तो म्हणाला, “हाल्डिसचं एक बरं आहे हो. मुल्टेंच्या दिवसांतसुद्धा बादली धुवावी लागत नाही.” सगळे हसले. हाल्डिसही हसली. घरी जाऊन तिने दक्षिणेचं कुंपण उघडलं आणि आपल्या मेंढ्या थेट दलदलीत सोडल्या. खा बायांनो, तुमच्या तरी पोटात जाऊ दे, असं ती मोठ्याने म्हणाली. मेंढ्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. दर जूनला त्या फुलं शेंड्यासकट खुडून खाऊ लागल्या.

त्या वर्षीच्या नाताळात पायरीवर बरणी नव्हती. पुढच्या वर्षी नव्हती, त्याच्या पुढच्याही नव्हती. शेवटी थकली माझी थोरली, असं हाल्डिसने स्वतःला सांगितलं. सकाळपासून तीनदा दार उघडून बघितलं हे मात्र तिने कुणालाही सांगितलं नाही.

*

यंदा जून लागला आणि रागनाने तिला एडविनच्या दुकानातच गाठलं. भर कॉफीच्या वेळी.

“हाल्डिस, खरं सांग. माझी कच्ची मुल्टे कोण तोडतंय?”

कच्ची मुल्टे तोडणं म्हणजे त्या बेटावर चर्चचा दिवा चोरण्यापेक्षा वाईट.

“मला काय माहीत?” हाल्डिस म्हणाली. “तुझी दलदल कुठे आहे तेच मला ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही तर एवढी लाल कशाला झालीस?”

“तू माझ्या तोंडावर ओरडतेयस म्हणून. आणि सकाळी सुकी मासळी खाल्लीयस ती मला इथपर्यंत कळतेय.”

एडविन फिसकन हसला. रागनाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो साखरेची पाकिटं नीट लावायला लागला.

“फुलं येतात,” रागनाचा आवाज जरा खाली आला. “पांढरीशुभ्र, पूर्वीसारखीच. आणि जुलैत जावं तर काही नाही. गेल्या वर्षी कपभर मिळाली. नातवंडं विचारतात, आजी, यंदा पण नाही का? मी काय सांगू त्यांना?”

“दलदल म्हातारी झाली असेल. तुझ्यासारखी.”

“होऊ दे. यंदा मी तिथेच बसणार आहे. फूल उमलल्यापासून. बघतेच कुणाचे हात येतात ते.” दारातून बाहेर पडताना ती वळली. “तीन वर्षं तुझ्याकडे बरणी आली नाही. तुला वाटलं असेल, मी विसरले.”

हाल्डिस मीठ न घेताच घरी आली.

*

पुढच्या रविवारी समुद्रावरून धुकं आलं. सूर्य त्या धुक्याच्या मागेच कुठेतरी होता, त्यामुळे जग आतून दिवा लावल्यासारखं दिसत होतं. सकाळ आहे की दुपार, काही कळायला मार्ग नव्हता, आणि जूनमध्ये कुणाला त्याची गरजही वाटत नाही. हाल्डिसची एक मेंढी परतली नव्हती. ती शोधायला हाल्डिस दलदलीत गेली.

दलदल ओरबाडलेली होती. खुडलेले देठ, तुडवलेलं शेवाळ. फक्त खडकांच्या रांगेला लागून, जिथे मेंढ्यांचे खूर रुततात म्हणून त्या जात नाहीत, तिथे एक पांढरा पट्टा उरला होता. हाल्डिस तिथे एका दगडावर टेकली. या दलदलीत ती आजवर कधी बसली नव्हती. यायची, बघायची, राग गिळायची आणि जायची.

तिने एक फूल खुडलं. शाळेत फळ्यावर काढलेलं फूल तिला आठवलं. बाहेर पाकळ्या, मग पुंकेसर, म्हणजे पराग देणारा बाप, आणि अगदी मधोमध स्त्रीकेसर, त्याच्या तळाशी फळाचं घर. मास्तरांनी सफरचंदाचं फूल काढलं होतं. एकाच घरात आई-बाप दोघं. तिच्या हातातल्या फुलात पिवळ्या धाग्यांचा भरगच्च घोळका होता आणि तिचं बोट पिवळं झालं होतं. पण मध्ये काहीच नव्हतं. तिने दुसरं खुडलं. तिसरं. सगळ्यांच्या मधोमध तीच रिकामी जागा.

“तेही नाही दिलंस,” ती बापाला म्हणाली. तिचा आवाज धुक्यात थोडा पुढे गेला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात एक केसाळ भुंगा आला. फुलाफुलांत लोळून पिवळा झाला आणि जड आवाज करत खडकांवरून पलीकडे गेला. मग दुसरा आला, लोळला, तिकडेच गेला. मग माश्या. हाल्डिस बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. इकडून जाणारे सगळे पिवळे होते आणि तिकडून येणारे जवळपास कोरे. तळ नसलेल्या चिखलावर यांचं काय काम असतं?

ती उठली. आपण उठलोय हे तिला रांगेच्या माथ्यावर पोचल्यावर कळलं. पलीकडे बर्चच्या बुटक्या झुडपांची जाळी होती, आणि जाळीत धुकं. एवढ्या वयाची बाई, पण बापाने सांगितलेली भीती पायांत तशीच होती. शिंगंसुद्धा सापडायची नाहीत. तिने भुंग्याचा आवाज ऐकला, डोळे मिटले आणि पाय टाकला. जमीन होती. शेवाळ थोडं दबलं आणि थांबलं. तिने दुसरा पाय टाकला. बेटावरचा प्रत्येक बाप पोरांना हीच थाप मारतो, हे तिला पूर्वीपासून माहीत होतं. पण स्वतःच्या बापाने मारलेली थाप कुणाला थाप वाटते?

जाळी संपली आणि पुढे पांढरंच पांढरं होतं. एकही देठ खुडलेला नाही. फुलांच्या मधोमध, घडीच्या स्टुलावर, बापाचा जुना रेनकोट पांघरून आणि मांडीवर थर्मास घेऊन रागना बसली होती.

रागना सावकाश उठली.

“सापडलीस!” ती म्हणाली. पण त्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, रडू होतं. “मला वाटलं होतं, एडविन असेल. देवाशपथ, मी मनातून एडविनचंच नाव घेत होते.”

“मी चोरायला आले नाही.”

“मग कुठून आलीस? आकाशातून?”

“माझ्या दलदलीतून. तिथून.” हाल्डिसने मागे बोट दाखवलं. “त्या खडकांच्या पलीकडे आहे माझी.”

“खोटं बोलू नकोस. तिथे तळ नाही. बाबा म्हणाला होता.”

“मलाही म्हणाला होता. तुझ्या बाजूला तळ नाही म्हणून.”

रागना पुन्हा स्टुलावर बसली. हाल्डिसने तिच्या पायाशी वाकून एक फूल खुडलं, आणि रागना जोरात ओरडली, “अगं, तोडतेयस काय!” पण हाल्डिसचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या फुलात मधोमध हिरव्या मण्यांचा छोटासा गोळा होता. भोवतीचे धागे बारीक, पडलेले. बोटाला काही लागलं नाही. तिने दुसऱ्या हातातलं आपलं फूल त्याच्या शेजारी धरलं. खिशातून चष्मा काढून लावला.

“रागना, इकडे ये. माझ्याकडे पराग आहे, फळाचं घर नाही. तुझ्याकडे घर आहे, पण पराग नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझी दलदल वांझ नाहीये. ती... तो बाप आहे. ती सबंध दलदल एकच झाड आहे आणि तो बाप आहे. आणि ही आई. मध्ये खडक. भुंगे जा-ये करतात म्हणून तुझी मुल्टे धरायची.” तिने चष्मा काढला. “आणि मी तीन वर्षं त्याच्यावर मेंढ्या सोडल्या.”

रागनाने थर्मासचं झाकण फिरवलं, पुन्हा बंद केलं. कॉफी ओतलीच नाही.

“बाबाने मला इथे आणलं,” ती शेवटी म्हणाली, “तेव्हा तो म्हणाला, जी मिळतील त्यातली अर्धी हाल्डिसची. मी विचारलं, का? तिला मूल नाही म्हणून? तर रागावला. म्हणाला, तिची आहेत म्हणून. मला कळलं नाही गं. मला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. मी अर्धी कुठे देत होते, एक बरणी ठेवायचे. तू ती परत आणून ठेवायचीस, आणि मी म्हणायचे, बघा, किती गर्व आहे हिला.”

हाल्डिस ओल्या शेवाळात सरळ खाली बसली. वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचललं होतं, आणि ओझं नाही म्हणून तिला आधी श्वासच घेता येईना. मग ती रडली. बापाने तिला उरलेलं सुरलेलं दिलं नव्हतं. त्याने तिला ते दिलं होतं ज्याच्यावाचून पलीकडे एक फळ धरलं नसतं. फक्त सांगायला गेला असता तर एकीची जागा दुसरीला कळली असती. आणि मेलेल्या आन्टोनकडूनही ते गुपित फुटणार नव्हतं.

“मेला एकदाचा, तरी हट्ट सोडला नाही,” ती नाक पुसत म्हणाली.

“त्याला म्हणावं, दोघींना एकत्र बसवून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?” रागना म्हणाली. आणि दोघी हसायला लागल्या, दुकानात कुणी ऐकलं असतं तर दोघींना वेड लागलं म्हणालं असतं इतक्या हसल्या.

रागनानेच आधी तोंड पुसलं. “फुलं चार दिवस राहतात. तुझ्याकडे उरलीत काही?”

“खडकापाशी एक पट्टा आहे. मेंढ्या तिथे रुततात.”

मग त्या दोन म्हाताऱ्या कामाला लागल्या. हाल्डिस रांगेवरून पलीकडे जायची आणि थर्मासच्या झाकणात परागाने भरलेली फुलं घेऊन यायची. रागना वाकून एकेका फुलाला ते पिवळं टेकवायची, बाळाच्या गालाला बोट लावावं तसं. धुकं तसंच होतं. उजेडही तसाच. मध्येच हाल्डिसला वाटलं, बाप जाळीशी टोपी हातात घेऊन उभा आहे आणि दोघींना मुद्दाम वेगवेगळ्या वाटांनी आणल्याची त्याला लाज वाटतेय. तिने मान वर केली नाही. उभा असेल तर असू दे, तेवढीच शिक्षा.

“कंबर गेली माझी,” रागना कण्हली. “भुंगे हे काम कसं करतात?”

“त्यांना कंबर नसते.”

“आणि तोंड बंद ठेवायची अक्कल असते.”

हरवलेली मेंढी संध्याकाळी आपोआप घरी आली. हाल्डिसने कुंपण बंद केलं, आणि वर तारेचे आणखी दोन वेढे घातले.

*

जुलैत रागनाच्या दलदलीत लाल दिवे लागले. सगळीकडे नाही, जिथवर त्यांचे हात पोचले आणि नशिबाने भुंगे पोचले तिथवर. पण ऑगस्टात ती फळं मधाच्या रंगाची झाली आणि रागनाच्या बादल्या जड होऊन आल्या. एडविनने किटलीजवळून हळूच विचारलं, “बायांनो, कुठून काढलीत?” दोघी एकदमच खिडकीतून समुद्राकडे बघायला लागल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी हाल्डिसने दार उघडलं तर पायरीवरच्या बर्फात पाऊण भरलेली बरणी होती. लाल चौकडीचं फडकं. तिने ती आत आणली आणि दिव्यापुढे धरली. आतली फळं साठवून ठेवलेल्या उजेडासारखी दिसत होती. मग तिने बूट घातले, बरणी काखेत मारली आणि थोरलीच्या घरी निघाली.

रागनाने दार उघडलं, बरणी पाहिली, आणि तिचा चेहरा पडला.

“पुन्हा परत आणलीस?”

“बाबा अर्धी म्हणाला होता,” हाल्डिस म्हणाली. तिने बरणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि कोट काढला. “ही अर्धी नाहीत. कपाटातली तुझी बरणी काढ, हिच्या शेजारी ठेव. बघू.”

रागना कपाटाकडे गेली. तिची बरणी तेवढीच मोठी, पण काठोकाठ भरलेली होती. ती टेबलावर ठेवताना रागना हसत होती. हाल्डिसने खुर्ची पुढे ओढली, मोठा चमचा घेतला आणि भरल्या बरणीतून आपल्या बरणीत फळं घ्यायला लागली. दोन्ही बरण्या अगदी एका रेषेत आल्यावरच तिने चमचा खाली ठेवला. एक फळ जास्त झालं होतं, ते तिने परत रागनाच्या बरणीत टाकलं.